बारा देशांचे एक विद्यापीठ : परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

मा. परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय, सप्रेम नमस्कार.

हे पत्र एका विद्यापीठासाठी पैसे मागायला लिहिते आहे. ते विद्यापीठ भारतातले नाही. माझा त्याच्याशी नोकरीचा, नात्याचा, देण्याघेण्याचा कसलाही संबंध नाही. युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिक हे त्याचे नाव. दक्षिण प्रशांत महासागरातल्या फिजीमध्ये, सुवा शहरात त्याचे मुख्य संकुल आहे. तिकडे सगळे त्याला ‘यूएसपी’ म्हणतात, मीही तेच म्हणेन. आपल्या मंत्रालयाला ते अर्थातच माहीत आहे. पण खुले पत्र ज्याच्या नावे असते त्याच्यापेक्षा इतरच जास्त वाचतात, तेव्हा थोडी ओळख करून देणे भाग आहे.

यूएसपी कोणा एका देशाचे नाही. कुक बेटे, फिजी, किरिबाती, मार्शल बेटे, नाउरू, निउए, सामोआ, सॉलोमन बेटे, टोकेलाऊ, टोंगा, तुवालू आणि वानुआतू या बारांनी मिळून ते चालवले आहे. यातली कित्येक नावे आपण फक्त ऑलिंपिकच्या संचलनात ऐकतो. तुवालूची लोकसंख्या अकरा हजारांच्या आसपास आहे, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी. निउए आणि टोकेलाऊमध्ये दोन हजारसुद्धा माणसे नाहीत. टोकेलाऊला विमानाची धावपट्टी नाही. सामोआहून बोट धरायची आणि समुद्र बरा असेल तर दिवसभराहून अधिक वेळाने पोहोचायचे. हे बारा प्रदेश जेवढ्या समुद्रावर विखुरले आहेत त्याचे क्षेत्रफळ ३ कोटी ३० लाख चौरस किलोमीटर भरते, भारताच्या जवळजवळ दहापट. त्यात जमीन नावापुरती.

अशा ठिकाणी प्रत्येक देशाने स्वतःचे पूर्ण विद्यापीठ काढायचे म्हटले तर काय होईल ते सांगायला अर्थतज्ज्ञ नको. म्हणून १९६८ साली सुवाच्या लाउथाला उपसागरावर हे एकत्र विद्यापीठ उघडले. न्यूझीलंडच्या हवाई दलाचा समुद्री विमानांचा तळ नुकताच बंद झाला होता. त्याच्याच इमारतींमध्ये पहिले वर्ग भरले. १९७० मध्ये राजसनद मिळाली. पुढे शेतीचे शिक्षण सामोआतल्या अलाफुआ संकुलात गेले आणि कायद्याचे वानुआतूच्या राजधानीत, पोर्ट व्हिलामधल्या इमालुस संकुलात. बाकीच्या बेटांवर लहान लहान संकुले आहेत. विद्यार्थी पंचवीस-तीस हजारांच्या घरात, म्हणजे पुणे किंवा मुंबई विद्यापीठापुढे किरकोळच. पण त्यांचे एकच वेळापत्रक लावून पाहा. सोमवारी सकाळी दहाला सुवात तास सुरू होतो तेव्हा कुक बेटांवर रविवारची दुपार असते, कारण मधून आंतरराष्ट्रीय वाररेषा जाते. सामोआ आणि टोकेलाऊने तर २०११ च्या डिसेंबरात ही रेषाच ओलांडली. तिथे त्या वर्षी ३० डिसेंबर उगवलाच नाही.

माझी नोकरीतली बरीच वर्षे दूरशिक्षणात गेली, म्हणून मला या विद्यापीठाचे कुतूहल. आपल्याकडे दूरशिक्षण हा ‘रेग्युलर’ न जमलेल्यांचा मार्ग मानला जातो. तिकडे तो पहिल्यापासून विद्यापीठाचा कणा आहे. नासाचा एटीएस-१ हा उपग्रह त्याचे मूळ काम आटोपल्यावर प्रशांत महासागरावर मोकळाच होता. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला यूएसपीने तो शिकवण्यासाठी मागून घेतला. सुवातला प्राध्यापक बोलायचा आणि टोंगातले, सॉलोमनमधले विद्यार्थी रेडिओसारख्या यंत्रावर ऐकायचे, बटण दाबून प्रश्न विचारायचे. चित्र नाही, फक्त आवाज. त्याच सुमारास आपण काय करत होतो? १९७५-७६ मध्ये नासाचाच एटीएस-६ वर्षभरासाठी उसना घेऊन ‘साइट’ प्रयोगात सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी नेत होतो. (त्या सहांत महाराष्ट्र नव्हता, याचे वाईट तेव्हाही वाटले होते.) वर्षभराने उपग्रह परत गेला, प्रयोग संपला, अहवाल निघाले. यूएसपीने मात्र आपला जुनापाना एटीएस-१ तो १९८५ मध्ये निकामी होईपर्यंत वापरला. मग मिळेल त्या दूरध्वनी तारांवर भागवले आणि २००० साली जपान, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांच्या मदतीने स्वतःचे उपग्रह जाळे उभारले. या मदतगारांत भारताचे नाव नाही. उपग्रहाद्वारे शिक्षण या विषयात जगाला सांगण्यासारखे काही आपल्याजवळ होते, तरी नाही.

हे जाळे म्हणजे चैन नव्हे. १५ जानेवारी २०२२ ला हुंगा टोंगा ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि टोंगाला जगाशी जोडणारी समुद्राखालची एकमेव केबल तुटली. मुख्य बेटावर ती पूर्ववत व्हायला पाच आठवडे लागले, बाहेरच्या बेटांवर त्याहून कितीतरी जास्त. असा देश पदवीधर घडवू पाहतो तेव्हा शिक्षकाच्या पगाराइतकाच उपग्रहाच्या भाड्याचाही हिशेब त्याला मांडावा लागतो.

आता मुद्द्यावर येते.

२०१९ मध्ये पोर्ट व्हिलाच्या इमालुस संकुलात आंतरराष्ट्रीय पर्यावरण कायद्याचा वर्ग चालू होता. त्यातल्या २७ विद्यार्थ्यांनी एक प्रश्न धरून ठेवला. हवामान बदलाबाबत देशांची कायदेशीर जबाबदारी नेमकी काय, हे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयालाच का विचारू नये? हे विद्यार्थी वानुआतू, फिजी, सॉलोमन, टोंगा अशा ठिकाणचे. २०१५ च्या मार्चमध्ये पाम चक्रीवादळाने वानुआतूची काय अवस्था केली होती, ते त्यांच्यातल्या अनेकांना पुस्तकात वाचावे लागले नव्हते. त्यांनी संघटना काढली आणि पॅसिफिक देशांच्या प्रमुखांना पत्रे धाडली. उत्तरे सावध आली. अखेर वानुआतू सरकारने हा विषय आपला म्हणून उचलला. २९ मार्च २०२३ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने न्यायालयाचे सल्लागार मत मागणारा ठराव मतदान न घेता, एकमताने संमत केला. १३० हून अधिक देश सहप्रस्तावक होते. २०२४ च्या डिसेंबरात हेगला दोन आठवडे सुनावणी चालली. त्या न्यायालयात एवढे देश एका प्रकरणात कधीच उभे राहिले नव्हते. २३ जुलै २०२५ ला पंधराही न्यायाधीशांनी एकमताने ते सल्लागार मत दिले.

त्या मताचा सारांश आपल्याकडे असेलच, वाचकांसाठी थोडक्यात सांगते. हवामानाचे रक्षण हे केवळ करारातले वचन नाही, रूढ, म्हणजे देशांच्या प्रथेतून रुजलेल्या, आंतरराष्ट्रीय कायद्यानेही ते बंधन आहे. तापमानवाढ दीड अंशात रोखण्याचे ध्येय गंभीरपणे घ्यावेच लागेल. खनिज इंधनांचे उत्पादन, त्यांचे नवे परवाने, त्यांवरची अनुदाने यांतून देशाने हयगय केली तर ते आंतरराष्ट्रीय दृष्ट्या बेकायदा कृत्य ठरू शकते आणि नुकसानभरपाईचा प्रश्न उद्भवू शकतो. बेटांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे मुद्दे दोन. समुद्र चढून किनारा मागे सरला म्हणून एकदा आखलेल्या सागरी हद्दी पुन्हा आखण्याची सक्ती नाही. आणि जमिनीसारखा एखादा घटक नाहीसा झाला म्हणून राष्ट्राचे राष्ट्रपण आपोआप संपत नाही. किरिबाती, तुवालू, मार्शल बेटे ही समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन-तीन मीटर उंचीची प्रवाळी बेटे. तिथल्या माणसासाठी ही दोन वाक्ये केवढी आहेत! हे मत देणाऱ्यांत आपले न्या. दलवीर भंडारीही होते. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो.

त्या सुनावणीत भारताने काय मांडले, हे मी शब्दशः सांगण्याची गरज नाही. हवामानाचे नुकसान सर्वांनी सारखे केलेले नाही, तेव्हा जबाबदारीही सारखी असू शकत नाही. पॅसिफिक बेटांनी आणि आपण मिळूनही जेवढा धूर सोडला नसेल तेवढा दीडशे वर्षांत युरोप-अमेरिकेने सोडला. हे खरेच आहे. माझ्यासारखीला ते ऐकून बरेही वाटले. पण पुढे आपल्या वकिलांनी न्यायालयाला असेही सांगितले, की सध्याच्या हवामान करारांत जी बंधने ठरली आहेत त्यापलीकडे नवी बंधने घालू नयेत. हीच भूमिका अमेरिकेने, ऑस्ट्रेलियाने आणि तेल विकणाऱ्या देशांनीही घेतली. ज्यांच्या धुराचा हिशेब आपण मागत होतो, नेमके त्यांच्याच रांगेत आपण उभे राहिलो. समोर वानुआतू होता, आणि वानुआतूच्या मागे यूएसपीचे विद्यार्थी.

भारताला कोळसा हवा, आपल्या माणसांना वीज हवी, ते सोडून भावनेच्या भरात बोलावे असे मी म्हणत नाही. चंद्रपूर आणि कोराडीच्या विजेवर हे पत्र टंकले जाते आहे. पण न्यायालयाने मत दिले आहे आणि आपली बाजू पूर्णपणे मान्य झालेली नाही. आता पुढे काय? ज्यांच्याविरुद्ध उभे राहिलो त्या पोरांच्या विद्यापीठाशी आपण कसे वागणार? माझी मागणी इथूनच सुरू होते.

आपण पॅसिफिकशी मैत्री करू पाहतो आहोत, आणि ते चांगले आहे. २०१४ च्या नोव्हेंबरात पंतप्रधान सुवाला गेले, तिथे भारत-पॅसिफिक द्वीपराष्ट्र मंचाची सुरुवात झाली. दुसरी बैठक २०१५ मध्ये जयपूरला आणि तिसरी २०२३ च्या मे महिन्यात पापुआ न्यू गिनीच्या पोर्ट मोर्झबीला झाली. तिसऱ्या बैठकीत जी बारा कलमे जाहीर झाली त्यांत फिजीत हृदयरोगांचे रुग्णालय, डायलिसिसची यंत्रे, समुद्री रुग्णवाहिका, खारे पाणी गोडे करणारे संच, सौर ऊर्जा, जेनेरिक औषधांची दुकाने, योगकेंद्रे आणि भारतात शिकायला यावे म्हणून पाच वर्षांत १००० शिष्यवृत्त्या आहेत. वाईट काहीच नाही. डायलिसिसची तर तिकडे फार गरज आहे, मधुमेहाने त्या बेटांना पोखरले आहे. सागरी संशोधनाची एक संस्थाही भारताच्या सहकार्याने यूएसपीत उभी राहिली आहे, त्याबद्दल आपले अभिनंदन.

तरीही त्या यादीत एक पोकळी आहे. मंचातल्या १४ देशांपैकी ११ देश यूएसपीचे सभासद आहेत. आपण या अकरांशी वेगवेगळे करार करतो, प्रत्येकाकडे वेगळी फीत कापतो. त्यांनी मात्र सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांपूर्वीच एकत्र येऊन एक संस्था काढली आणि ती आजपर्यंत टिकवली आहे. त्यांचे अनेक मंत्री, न्यायाधीश, सचिव, शिक्षक तिथून शिकून बाहेर पडले. मदत करायला याहून सोयीचा पत्ता कोणता असेल? आणि शिष्यवृत्त्यांचे म्हणाल तर, सॉलोमनच्या एखाद्या मुलीला तिच्या देशापासून हजारो किलोमीटर दूर आणून आपण चार वर्षे शिकवतो, हे चांगलेच. पण त्याच पैशात तिच्या संकुलातला गणिताचा शिक्षक टिकला असता, तर तिच्यामागच्या किती जणींची सोय झाली असती? परदेशी नेलेले विद्यार्थी बरेचदा परत येत नाहीत, हे तर आपल्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक.

मी मागते आहे ते मूळ अंदाजपत्रकासाठीचे अनुदान. इमारत नको, कोनशिला नको, ‘भारत भवन’ तर मुळीच नको. शिक्षकांचे पगार, उपग्रहाचे आणि जाळ्याचे भाडे, ग्रंथालयाची वर्गणी, बाहेरच्या बेटांवरच्या संकुलांची दुरुस्ती, असल्या ज्या खर्चांना कोणी हार घालत नाही ते भागवणारे, किमान पाच वर्षांसाठी आधीच जाहीर केलेले आणि अटींविना दिलेले अनुदान. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड अशी मदत फार वर्षे करत आले आहेत. त्यांचा त्यात स्वार्थ आहे, आपलाही असायला हरकत नाही.

अटींविना, आणि कोणा एका सरकारच्या हातून नव्हे तर बारा देशांच्या विद्यापीठ परिषदेच्या हाती. यावर माझा हट्ट का, त्यासाठी गेल्या काही वर्षांचा इतिहास सांगावा लागेल.

२०१९ मध्ये भारतीय वंशाचे पाल अहलुवालिया कुलगुरू झाले. आधीच्या कारभारातल्या नेमणुका आणि भत्त्यांबद्दल त्यांनी परिषदेपुढे कागद ठेवले. न्यूझीलंडच्या लेखापरीक्षकांकडून चौकशी झाली. हे प्रकरण फिजीच्या तेव्हाच्या सरकारला रुचले नाही. २०२० मध्ये कुलगुरूंना निलंबित केले गेले, परिषदेने त्यांना परत आणले. मग ३ फेब्रुवारी २०२१ च्या रात्री पोलीस त्यांच्या घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना पत्नीसह विमानात बसवून देशाबाहेर काढले. बारा देशांच्या विद्यापीठाचा कुलगुरू, आणि मुख्य संकुल ज्या देशात आहे त्या एकट्याने त्याला हाकलले! नाउरूने त्यांना आसरा दिला. बारा हजार वस्तीचे ते बेट. पुढे ते सामोआच्या संकुलातून काम पाहू लागले. दरम्यान फिजीने आपल्या वाट्याचे अनुदानच रोखले, तेही तीन वर्षांहून अधिक काळ. सर्वांत जास्त विद्यार्थी फिजीचे, म्हणून सर्वांत मोठा वाटाही फिजीचाच. रक्कम साचत कोट्यवधी फिजियन डॉलरांत गेली. तरी विद्यापीठ बंद पडले नाही. पदे रिकामी राहिली, डागडुजी लांबली, पण परीक्षा झाल्या आणि पदव्या मिळाल्या.

२०२२ च्या अखेरीस सत्ता बदलली. १९८७ मध्ये दोनदा लष्करी बंड करणारे सितिवेनी राबुका निवडणुकीच्या मार्गाने पंतप्रधान झाले. त्यांनी अनुदान पुन्हा सुरू केले आणि कुलगुरूंवरची प्रवेशबंदी उठवली. इतिहास असा वेडावाकडाच चालतो. माजी पंतप्रधान फ्रँक बैनीमारामा यांना २०२४ च्या मे महिन्यात एक वर्षाची शिक्षा झाली. त्यांच्यावरचा आरोप ऐकण्यासारखा आहे. यूएसपीतल्या तक्रारीचा पोलीस तपास त्यांनी २०२० मध्ये पोलीस आयुक्तांना सांगून थांबवला होता. विद्यापीठाच्या हिशेबांवरून देशाचा माजी पंतप्रधान तुरुंगात गेल्याचे उदाहरण मला तरी दुसरे माहीत नाही. आपल्याकडची विद्यापीठे आठवून मी क्षणभर गप्प झाले.

मी अहलुवालियांना देव्हाऱ्यात बसवत नाही. पुढे त्यांच्याच कारभारावर कर्मचारी संघटना संतापल्या आणि २०२४ मध्ये संप झाला. कोणाही कुलगुरूची आरती ओवाळू नये, या मताची मी आहे. सांगायचे ते एवढेच, की एका सरकारच्या हातात नळाची चावी असली की विद्यापीठाचा घसा केव्हाही कोरडा पडतो. भारताने आपला पैसा कोणा एका राजधानीतून, कोणा एका मंत्र्याच्या शिफारशीवरून दिला तर आपणही तशीच एक चावी घडवू. आज दिल्लीला राग येणारा एखादा शोधनिबंध निघाला म्हणून उद्या अनुदान अडले, असे होता कामा नये. आणि इमालुसमधून पुढची जी कायद्याची तुकडी बाहेर पडेल ती कदाचित भारताच्या कोळशाबद्दलच लिहील. तेही सोसायची तयारी ठेवूनच द्यावे.

आणखी एक विनंती. आफ्रिकेसाठी आपण २००९ मध्ये टेली-एज्युकेशनचे जाळे सुरू केले, भारतीय विद्यापीठांचे अभ्यासक्रम तिकडे पोहोचवले. तोच साचा उचलून पॅसिफिकवर ठेवण्याचा मोह होईल. कृपया आवरावा. यूएसपीला आपली व्याख्याने नकोत, त्यांना शिकवता येते. टोंगन वंशाचे विचारवंत एपेली हाउओफा यांनी याच विद्यापीठात बसून सगळ्या जगाला बजावले, की आम्ही दूरच्या समुद्रात हरवलेले ठिपके नाही, तो समुद्रच आमचा आहे आणि बेटे त्यातली घरे आहेत. १९९७ मध्ये त्यांनी सुवात ओशनिया कला-संस्कृती केंद्र उभे केले. नाच, चित्रकला, शिल्प हे तिथे विद्यापीठाच्या कामाचाच भाग मानले गेले. असे ज्यांचे आत्मभान आहे त्यांना तयार पाठ पाठवणे म्हणजे उद्धटपणा होईल. ते मागतील तो शिक्षक पाठवा, मागतील तेवढ्या काळासाठी. समुद्री भूगर्भशास्त्र, साथरोगशास्त्र, संगणक, विमाशास्त्र यांतली माणसे आपल्याकडे आहेत. आणि आपल्या कायद्याच्या महाविद्यालयांतली पोरे तिकडे सहा महिने शिकायला गेली तर उत्तमच. आंतरराष्ट्रीय कायदा वर्गातून हेगपर्यंत कसा नेतात ते त्यांना तिथेच कळेल.

आता घरचा आक्षेप. हे पत्र वाचून महाराष्ट्रातला कोणताही प्राध्यापक म्हणेल, ‘घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं.’ आमच्याकडे शेकडो पदे रिकामी, तासिका तत्त्वावर पोरे राबतात, आणि तुम्ही पॅसिफिकला पगार द्यायला निघालात? आक्षेप योग्य आहे. त्या रिकाम्या पदांसाठी मी वेगळी पत्रे लिहिली आहेत, पुढेही लिहीन. पण ती पदे रिकामी राहिली ती पैसे परदेशी गेल्यामुळे नव्हे. परराष्ट्र खात्याच्या मदतनिधीतून यूएसपीला एक पैसाही न देता ती तशीच रिकामी राहतील, हे आक्षेप घेणाऱ्यालाही ठाऊक आहे. एका सभासद देशाचा वाटा तीन वर्षे बुडूनही तगून राहिलेल्या विद्यापीठाची गरज भारताच्या मापाने फार मोठी नाही.

यात आपले देणेही आहे, आणि त्याची सुरुवात पुण्यातच होते. १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांवर भारतीय मजूर गिरमिटावर, म्हणजे मुदतीच्या बांधील करारावर, फिजीच्या ऊसमळ्यांत नेले गेले. जहाजे कलकत्त्याहून सुटत, पुढे मद्रासहूनही. त्यामुळे मराठी माणसे त्यांत जवळजवळ नव्हती. तरी १९१२ च्या मार्चमध्ये केंद्रीय कायदे मंडळात ही गिरमिट पद्धत बंद करा असा ठराव मांडला तो गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. सरकारी बहुमताने तो पाडला. त्याच मार्चमध्ये त्यांचे प्राथमिक शिक्षणाचे विधेयकही पाडले गेले. एकाच महिन्यात, एकाच माणसाचे, मजुराच्या सुटकेचे आणि त्याच्या पोराच्या शाळेचे असे दोन्ही प्रस्ताव सरकारने फेटाळले. भरती थांबायला पुढे आणखी काही वर्षे गेली. त्या मजुरांची पणतवंडे आज सुवात यूएसपीत शिकतात, शिकवतात. त्यांच्या शेजारच्या बाकावर मूळ फिजियन, टोंगन, सॉलोमनी मुले बसतात. १९८७ पासूनच्या बंडांनी फिजीत वंशावरून एवढे विष कालवल्यानंतरही हे चालू आहे. म्हणून माझे मागणे फक्त भारतीय वंशाच्या लोकांसाठी नाही, सगळ्या बारांसाठी आहे. गोखल्यांनी गिरमिटियांची जात-भाषा विचारली नव्हती.

हिंदीबद्दल एक वाक्य, कारण हा विषय निघणारच. पहिले विश्व हिंदी संमेलन १९७५ मध्ये आमच्या नागपूरला झाले आणि बारावे २०२३ च्या फेब्रुवारीत फिजीत, नांदी शहरात. आपणही त्याला होता. यूएसपीत हिंदी शिकवली जाते, तिला मदत जरूर करावी, पण तेवढ्यावर हात झटकू नयेत. नांदीहून सुवा रस्त्याने दोनशे किलोमीटरही नाही.

तो समुद्र भारताला नवा नाही. २०१३ मध्ये मंगळयान सोडताना माग ठेवण्यासाठी ‘नालंदा’ आणि ‘यमुना’ ही दोन जहाजे आपण दक्षिण प्रशांत महासागरात पाठवली होती. खराब हवामानामुळे ‘नालंदा’ला फिजीला पोहोचायला उशीर झाला, म्हणून २८ ऑक्टोबरचे उड्डाण ५ नोव्हेंबरवर गेले. मंगळाकडे जाताना सारा देश आठवडाभर त्या पाण्यासाठी थांबला होता.

तर मागणी थोडक्यात अशी. मंचाच्या पुढच्या बैठकीत यूएसपीच्या मूळ अंदाजपत्रकासाठी पाच वर्षांचे अनुदान हा विषय स्वतंत्र कलम म्हणून घ्यावा. तोपर्यंत थांबण्याचीही गरज नाही. विद्यापीठाची परिषद वर्षातून दोनदा बसते. तिच्या पुढच्या बैठकीआधी सुवातल्या आपल्या उच्चायुक्तांनी परिषदेला पत्र लिहून विचारावे, की तुम्हाला नेमके काय आणि किती हवे आहे. आणि जुलै २०२५ च्या मताबाबत भारताची भूमिका ठरेल, तेव्हा ती दिल्लीतल्या पत्रकार परिषदेत सांगण्याआधी पोर्ट व्हिलाच्या त्या वर्गात जाऊन सांगावी. विद्यार्थी प्रश्न विचारतील. उत्तरे देऊ शकेल असा अधिकारी पाठवावा.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका, पुणे